मागच्या रांगेतला प्रेक्षक

नरोली
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

अहो,

नमस्कार. मी इथे ठीक आहे. तुम्हीही ठीकच असणार, कारण काल दुपारी फोनवर तुमचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

आधी घरचं सांगते. रक्तदाबाची सकाळची गोळी फ्रिजवरच्या निळ्या डब्यात आहे, रात्रीची देव्हाऱ्याखालच्या खणात. दूध अर्धा लिटरच घ्या, जास्त घेतलंत तर नासेल. भाड्याच्या खुर्च्यांपैकी काही आपल्या व्हरांड्यात राहिल्यात, तो माणूस आला की देऊन टाका. शेजारच्या शोभाताईंचा मोठा थर्मास ओट्यावर आहे, तो परत करायचाय. धुऊन परत करा.

काल फोनवर तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतात, "एवढं झालं तरी काय?" मी काही बोलले नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, लग्न झाल्यापासूनची सवय आहे. कागदावर तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले. सुकदेव उद्या कामावर जाताना सामरवरणीवरून जाईल आणि हे पत्र आपल्या फाटकावरच्या पेटीत टाकेल. सुकदेव कोण, ते पुढे येईलच. त्याचं नाव तुम्ही शनिवारी ऐकलेलं आहे.

शनिवारचा कार्यक्रम उत्तम झाला. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. सोसायटीचा हॉल इतका भरलेला मी गणपतीतसुद्धा पाहिला नव्हता. सत्तर वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा परदेशी सिनेमा, त्यातली भाषा कुणाला येत नाही, खालच्या इंग्रजी ओळी वाचायला निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले, तरी मध्ये एक माणूस उठला नाही. ते तिजोरी फोडण्याचं दृश्य चालू होतं तेव्हा मी मागे वळून लोकांचे चेहरे बघत होते. बंदरातली जहाजं नव्या वर्षाचे भोंगे वाजवतात आणि त्या आवाजात ही मंडळी छिन्नीवर घाव घालतात. भोंगा थांबला की हातोडा हवेत थांबतो आणि सगळे श्वास धरून उभे. आपला हॉलही श्वास धरून होता. तो पोस्टातला निवृत्त मास्तर शेजाऱ्याच्या दंडाला धरून बसला होता आणि शेजाऱ्यालाही ते कळलं नव्हतं.

नंतर चर्चेतही लोक मनापासून बोलले. पोस्टमास्तर म्हणाले, एवढी शिस्त आमच्या ऑफिसात असती तर एक पत्र चुकलं नसतं. कॉलेजातला एक मुलगा जिन्यावरच्या सावल्यांबद्दल बोलला. माणूस वर चढतो आणि त्याची सावली त्याच्याआधी दारात पोचते, हे त्याने किती नीट टिपलं होतं. शोभाताईंना तर बोलताच आलं नाही. माईक हातात घेऊन नुसतंच "तो म्हातारा…" एवढं म्हणाल्या आणि माईक परत दिला.

मग तुम्ही त्या म्हाताऱ्याबद्दल बोललात.

तुम्ही सुंदर बोलता. शाळेत शिकवायचात तेव्हाही बोलायचात. खानवेलच्या शाळेच्या पटांगणात पडदा म्हणून चादर बांधून तुम्ही शिक्षण खात्याच्या फिल्मा दाखवायचात, तेव्हा फिल्मपेक्षा तुमचं बोलणं ऐकायला लोक यायचे. शनिवारी तुम्ही सांगितलंत की पोलिसांच्या गोळीने जखमी झालेला चोर रात्रभर बंदरातून फिरतो आणि शेवटी बापाच्या दारात येतो. बाप दाढी करत असतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो दार उघडतो, पोराला आत घेतो, खुर्ची शेगडीजवळ ओढतो. मग पोलीस दार वाजवतात. "आत कोण आहे?" आणि म्हातारा म्हणतो, "माझा मुलगा आहे." तुम्ही म्हणालात, "मंडळी, लक्षात घ्या. तो 'कुणी नाही' म्हणू शकला असता. 'मला माहीत नाही' म्हणू शकला असता. तो पोराचा गुन्हा झाकत नाही आणि पोरालाही झाकत नाही. आणि गालावरचा साबण तो शेवटपर्यंत पुसत नाही, कारण आता त्याला स्वतःच्या चेहऱ्याची पर्वा उरलेली नाही."

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. माझेही डोळे भरले होते.

हे वाक्य तुम्ही आपल्या बाहेरच्या खोलीत किती दिवस घोटत होतात, ते मला माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच दृश्य लावायचात, थांबवायचात, मागे न्यायचात. मी ओट्याशी कणीक मळत बघायचे. बघता बघता मलाही तो सिनेमा आवडायला लागला. एकदा तुम्ही चित्र थांबवून त्या म्हाताऱ्याकडे कितीतरी वेळ बघत बसलात आणि चष्मा पुसलात. तेव्हा माझ्या मनात आलं, हे भाषणाची तयारी करत नाहीयेत. हे स्वतःचीच तयारी करतायत. यांना दार उघडायचंय आणि कसं उघडतात ते शिकतायत.

म्हणून मी प्रथमेशला बोलावलं.

तुम्ही घरी आल्यावर विचारलंत ना, "त्याला कुणी सांगितलं?" मी सांगितलं. दर गुरुवारी मी मंडईत जाते तेव्हा झेंडा चौकात आम्ही भेटतो, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच गुरुवारी पिशवीत पालेभाजी इतकी कमी का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी त्याला म्हटलं, तुझे बाबा काय बोलतात ते ऐक. मागे बैस. तो म्हणाला, "नको आई, त्यांना अडचण होईल." मी म्हटलं, होणार नाही. मी हमी दिली त्याला तुमच्या वतीने.

आणि तो आला. पांढरा शर्ट इस्त्री करून आला, शेवटून दुसऱ्या रांगेत बसला. पूर्वी पटांगणात तो प्रोजेक्टरला चिकटून बसायचा. रीळ संपत आलं की तुमच्याआधी त्याला कळायचं. शनिवारी मी मागे वळून बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. तुमचं म्हाताऱ्याबद्दलचं बोलणं तो खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, बास, एवढ्यासाठीच तर आणलं त्याला.

मग ती तेजस्विनी उठली. तिचा काही दोष नाही. सामरवरणीत नवीन दवाखाना टाकलेली दातांची डॉक्टर, तुमच्या सिनेमा मंडळाची चिटणीस, तिला आपलं मागचं काय माहीत असणार. तिने सरळ मनाने विचारलं, "सर, अशी वेळ तुमच्यावर आली असती तर तुम्ही दार उघडलं असतं?"

आणि तुम्ही हसलात. "अहो, आमचे चिरंजीव मस्कतला. ते दारात येतात तेच खजुराचे डबे घेऊन."

सगळे हसले. लोकांचं सोडा, त्यांना काय. मी पहिल्या रांगेत थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. त्याच क्षणी शोभाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कळलं का तुम्हाला? त्यांना माहीत आहे. मस्कतचं खोटं आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत असणार. तुम्ही एवढी वर्षं ज्या भिंतीआड लपून आहात ती काचेची आहे.

तेवढ्यात मागून हात वर झाला.

तुम्ही म्हणता, दाढीमुळे ओळखलं नाही. मी समोर बसले होते. त्याचा आवाज माईकवरून आला आणि तुम्ही पाण्याचा ग्लास तोंडाला लावलात. ग्लास रिकामा होता. रिकाम्या ग्लासातून तुम्ही दोन घोट प्यायलात.

तो काय म्हणाला, ते तुम्ही विसरला असाल किंवा विसरायचं ठरवलं असेल, म्हणून लिहून ठेवते. तो म्हणाला, "सर, मला त्या चौथ्या माणसाबद्दल विचारायचंय. जो खाली कोळशाच्या आवाराचं फाटक धरून उभा असतो. तिजोरी तो बघतही नाही. बाकीचे पळून जातात आणि हा तिथेच उभा राहतो, कारण संपलं म्हणून त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला पकडून नेतात आणि मग तो सिनेमात परत दिसत नाही. त्याला घर होतं का, सर?"

तुम्ही म्हणालात, "उत्तम निरीक्षण. आपलं नाव?"

स्वतःच्या मुलाला.

त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "सुकदेव."

"कुठे असता आपण?"

"नरोलीला."

"वा. औद्योगिक वसाहतीतले प्रेक्षकही येऊ लागले, ही मंडळाच्या दृष्टीने फार आनंदाची गोष्ट आहे." आणि तुम्ही टाळ्या सुरू केल्यात. लोकांनीही वाजवल्या. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाहीत.

सुकदेव हा त्याच्या खोलीतला जोडीदार. पारोळ्याकडचा, पॅकिंगच्या कारखान्यात त्याच्याच बरोबर कंत्राटावर आहे. तुमची अब्रू राखायला तुमच्या मुलाने त्याचं नाव उसनं घेतलं. कार्यक्रम संपल्यावर चपलांच्या ढिगाजवळ मी त्याला गाठलं. म्हटलं, असं का केलंस? तर म्हणतो, "आई, ते घाबरले होते गं. मला लांबून दिसलं."

म्हणजे तेवढ्यातही त्याने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत का?

घरी आल्यावर तुम्ही चिडलात. मंडळाचा कार्यक्रम नासवायला निघालीस म्हणालात. मग म्हणालात, "मग काय बोलायला हवं होतं मी? भर सभेत?" पुन्हा पुन्हा तेच. मी गप्प होते, कारण मला खरंच वाटलं की उत्तर तुम्हीच तासाभरापूर्वी माईकवरून दिलेलं आहे आणि लोकांनी त्याला टाळ्याही दिल्यात. तीनच शब्द होते. तुम्ही ते पाठ केले होते.

मला त्या चोरीची लाज नाही, असं नाही. मुलाने कारखान्याचं बाजूचं फाटक उघडं ठेवलं, टेम्पो आत आला, तांब्याच्या तारा गेल्या, बाकीचे पळाले आणि हा सापडला. त्याने गुन्हा केला. कोर्टातही त्याने तेच सांगितलं, वकील 'सांगू नकोस' म्हणत असताना सांगितलं. शिक्षा भोगली. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तुम्ही पेपर तोंडासमोर धरून बसायचात. सुटला त्या दिवशी दुपारी तो पिशवी घेऊन आपल्या फाटकाशी आला, तेव्हा तुम्ही जाळीच्या दारातून म्हणालात, "घरात पाहुणे आहेत, नंतर ये." घरात कोणी नव्हतं. मी न्हाणीघरातून ऐकलं आणि ओल्या केसांनी धावत आले, तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता. तो 'नंतर' कधी यायचा होता, ते अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मी रडले आणि राहिले. या वेळी मला रडू आलं नाही. रविवारी सकाळी तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर आलेली कौतुकं मोठ्याने वाचत होतात. "सरांनी डोळ्यांत पाणी आणलं." "बापाचं काळीज सरांनी उलगडून दाखवलं." ते वाचून तुम्ही माझ्याकडे बघितलंत, शाबासकीसाठी. मी आत गेले, पिशवी भरली, रिक्षा केली.

इथे खोली लहान आहे. सुकदेव रात्रपाळी मागून घेतो म्हणाला. "मावशी, तुम्ही बिलकूल टेन्शन नका घेऊ, पलंग तुमचाच. मी दिवसा झोपीसन घेईन." परक्या माणसाने मला एका शब्दात घरात घेतलं. पोरगा मात्र मी आल्यापासून तेच म्हणतो, "आई, जा घरी, बाबा एकटे आहेत."

मी येणार नाही. माझी समजूत घालायला फोन करू नका. मी रुसलेली नाही, संतापलेली आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो तुम्हाला आजवर कधी समजून घ्यावा लागला नव्हता.

गोळ्या वेळेवर घ्या.

रोहिणी

•

नरोली
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

अहो,

नमस्कार. थर्मास पोचला, असं शोभाताईंचा निरोप आला. धुतलेला होता, हेही कळलं. बरं वाटलं.

बुधवारी तुम्ही येऊन गेलात. वर आला नाहीत. खालून फोन केलात की "तू खाली ये, जिना फार उभा आहे." जिना उभा आहे हे खरं. मी रोज पाण्याची कळशी घेऊन तो चढते. मी म्हटलं, येणार नाही. मग प्रथमेश माझ्याकडे बघत राहिला आणि शेवटी तोच खाली गेला.

वरच्या गॅलरीतून मला तुम्ही दोघं दिसत होतात. टपरीच्या बाकावर बसलात, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तुम्ही दप्तरासारखी पिशवी मांडीवर धरून बसला होतात. तो चहा घेऊन आला, तुम्ही बशीत ओतलात, सवयीने त्याच्यापुढे बशी केलीत आणि मग तुमचं तुम्हालाच कळेना काय करावं. त्याने बशी घेतली. माझा राग तेवढ्यापुरता गेला होता, हे खोटं कशाला लिहू. मी आत येऊन तिघांचा भात टाकला. वाटलं, आता वर येतील.

तो एकटाच आला. पण चेहरा असा काही उजळलेला होता की मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. म्हणाला, "आई, बाबा घरी चल म्हणाले."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. "काय म्हणाले? नीट सांग."

"म्हणाले, पुढच्या आठवड्यात ये. सुट्टीवर आलाय म्हणून सांगू. मग सांगू की तिकडची नोकरी सोडली, आता इकडेच काहीतरी बघतोय. दाढी काढून ये म्हणाले. आणि शनिवारच्या माणसाबद्दल कुणी विचारलंच, तर सांगू, दिसायला सारखा असेल कुणी."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चालेल ना आई? मस्कत तर मस्कत. मला काय फरक पडतो? माझ्या खोलीत झोपायला तर मिळेल."

तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत ते? तुम्ही त्याला घर दाखवलंत आणि आत यायचं तर दुसरा माणूस होऊन ये म्हणालात. आणि तो तयार झाला. सिनेमातल्या पोलिसांपुढे खोटं न बोलणाऱ्या म्हाताऱ्यासाठी तुम्ही डोळे पुसलेत, आणि स्वतःच्या मुलाला टपरीवर बसून खोटं पाठ करायला दिलंत, विमानाच्या आणि कंपनीच्या नावासकट. हो, तेही त्याने सांगितलं. कंपनीचं नाव तुम्ही कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद मी चुलीत घालणार होते, पण इथे गॅस आहे. फाडला.

मी म्हटलं, "तू असा जायचं नाहीस."

मग आमचं भांडण झालं. त्याचं माझ्याशी, पहिल्यांदा. तो म्हणाला, "तुला काय जातंय? तू तिथे राहतेस. मी बाहेर आहे. बाबा कसे का होईना बोलवतायत, तर तूच आडवी येतेस." म्हणाला, "तुला मी घरी यायला नकोय, तुला बाबांना हरवायचंय." एवढं बोलून जेवण न करता पाळीला गेला. तिघांचा भात मी एकटीने बघत बसले.

त्याचं बोलणं लागलं मला. रात्री पडल्या पडल्या मी स्वतःला विचारलं, असेल का खरं? असेल थोडं. तुमच्यावरचा राग माझ्यात इतका जुना मुरलाय की त्यात काय काय मिसळलंय, माझं मलाच सांगता येणार नाही. पण मग मी पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं. गुळगुळीत दाढी करून तो आपल्या व्हरांड्यात बसलाय. कुणी विचारतं, मस्कतला उकाडा कसा असतो? आणि तो तुमच्याकडे बघतो. दर वेळी. पन्नाशीचा होईपर्यंत. तुरुंगाला मुदत तरी होती.

सुकदेव सकाळी पाळीवरून आला तेव्हा मी चहा देताना त्याला विचारलं, तुझ्या गावी माहीत आहे का, तू प्रथमेशबरोबर राहतोस ते? तो कुठून आलाय ते? तो म्हणाला, "माहिती आहे ना मावशी. माझ्या बापाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाप बोलला, पोरगा कामाला कसा आहे ते सांग. मी बोललो, चांगला आहे. खतम." चहा पिऊन तो झोपायला गेला.

मग मी साडी बदलली आणि सामरवरणीला गेले. आपल्या घरी नाही. तेजस्विनीच्या दवाखान्यात.

पेशंट बसले होते. मी रांगेत बसले. माझी पाळी आल्यावर ती म्हणाली, "काकू, कुठला दात?" मी म्हटलं, दात सगळे ठीक आहेत. आणि सांगितलं. त्या मोठ्या दिव्याच्या खुर्चीवर बसून सांगितलं, अगदी फाटकापासून. ती हातमोजे घालून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, त्या दिवशी मागून बोलला तो माझा मुलगा. प्रथमेश. मस्कतला तो कधी गेलाच नव्हता.

ती हळूच म्हणाली, "काकू, मला नंतर कळलं. कार्यक्रम संपल्यावर शोभाकाकूंनी सांगितलं. तेव्हापासून मला झोप येत नाहीये. मी तो प्रश्न विचारायला नको होता."

मी म्हटलं, प्रश्न बरोबर होता बाळ, उत्तर चुकलं.

मग ती जे बोलली ते तुम्हाला मुद्दाम कळवते. ती म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांत चांगलं तेच बोलले, ते चौथ्या माणसाचं. मी सिनेमा घरी पुन्हा लावला आणि फक्त त्या फाटकावरच्या माणसाकडे बघत राहिले. मला आधी तो दिसलाच नव्हता. पुढच्या सिनेमाच्या वेळी ते बोलतील का?" मी म्हटलं, त्याला विचार, तो मोठा आहे. तिने त्याचा नंबर घेतला.

एवढ्या वर्षांत मी हे वाक्य कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, 'माझा मुलगा तुरुंगात होता.' उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. पुढचा पेशंट आत गेला.

तेव्हा आता लपवायला काही उरलेलं नाही. मी तुम्हाला न विचारता हे केलं. तुम्ही रागावणार, रागवा. चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीस म्हणाल. तुमची मान वर राहावी म्हणून माझ्या मुलाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्यापुढे हे फार नाही.

काल संध्याकाळी प्रथमेश आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा कायमचा तुटणार. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आता मस्कत नाही."

"नाही."

"मग दाढी ठेवली तर चालेल?"

मी हो म्हटलं. तो हसला नाही, पण ताट घेऊन बसला आणि दोनदा भात मागितला. त्याला तुमची भीती वाटते, हे मला काल त्याच्या जेवण्यावरून कळलं. तुम्हालाही त्याची वाटते. तुम्ही दोघं एकमेकांना घाबरता आणि मध्ये मी इतकी वर्षं दोन्ही बाजूंना निरोप पोचवत राहिले. ते काम मी सोडलं.

तुम्ही वाईट माणूस आहात, असं मी म्हणत नाही. वाईट असतात तर सोडून देणं सोपं गेलं असतं. तुम्हाला सगळं कळतं, आणि इतकं नेमकं सांगता येतं की ऐकणारा रडतो. म्हणूनच माझा राग जात नाही. ज्याला कळत नाही त्याच्यावर कोण रागावेल?

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघं येतो. रिक्षा कोपऱ्यावर सोडणार नाही, फाटकापर्यंत आणणार. त्या वेळी समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं असतात, मला माहीत आहे. कुणी विचारलंच तर तो नरोलीहून आलाय. त्याआधी कुठे होता असं विचारलं, तर तेही सांगायचं. तुम्हाला जमलं नाही तर मी शेजारीच उभी असेन, मी सांगेन. पण एकदा मी सांगितलं की ते सांगणं तुमचं उरणार नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि जाळीच्या आडून 'नंतर ये' म्हणालात, तर आम्ही त्याच रिक्षेने परत फिरू आणि त्यानंतर माझं पत्र येणार नाही.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. प्रवास करून आलेल्या माणसाला घरातल्याने वाढायचं असतं. वरणभात तुम्हाला येतो. तिघांचा लावा. तूप खालच्या फडताळात आहे, वरच्या बरणीत तेल आहे, घोटाळा करू नका.

रोहिणी